पियानोच्या पिना पुन्हा फिरवाव्यात का?

प्रश्न : आमच्याकडे आजीचा जर्मन अपराइट पियानो आहे. पावसाळ्यात चार-पाच पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत आणि जानेवारीत त्याच खुळखुळतात. दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीवाल्याने पट्ट्यांखालच्या पुढच्या पिना फिरवून दिल्या. खुळखुळ थांबली, पण आता पूर्वीपेक्षा वाढली आहे. पुन्हा फिरवून घेऊ का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नका फिरवू, अगदी कळकळीने सांगतो. ही पिन गोल नसते, लांबट असते. तिच्या सपाट बाजू पट्टीच्या भोकातल्या लोकरी कापडाला टेकतात. पिन तिरपी केली की भोकात जास्त जागा व्यापते, म्हणून ढिलाई त्या दिवशी जाते. पण आता कापडावर तिची कड घासते. अशी एक पट्टी मी मागे उचलली, तर कापडात ब्लेडने ओढल्यासारखी उभी चीर होती आणि आत लाकूड दिसत होतं.

पिना सरळ करा आणि कापड बदला. प्रत्येक पट्टीला दोन भोकं, भोकाला दोन तुकडे. ८८ पट्ट्यांचे ३५२ तुकडे. जुनं कापड ओलाव्याने सोडवून नवं सरसाने चिकटवायचं. काम किचकट आहे, घाईच्या माणसाला देऊ नका.

अडकतं कुठे, ते आधी पाहा. हातोडी बोटाने तारेकडे ढकलून सोडा. रेंगाळत परतली, तर दोष पट्टीत नाही, हातोडीच्या सांध्यातल्या जेमतेम १.३ मिलिमीटर जाडीच्या पिनेभोवतीचं कापड आवळलंय. तिथे तेलाचा फवारा मारू देऊ नका. कापडात धूळ चिकटून बसते.

कापडच कशाला, असं स्टाइनवे या पियानो कंपनीच्या न्यूयॉर्क कारखान्यालाही वाटलं होतं. १९६२पासून त्यांनी सांध्यांत कापडाऐवजी टेफ्लॉनची बुशिंगं, म्हणजे पिनेभोवतीची अस्तरं, घातली. पण हवेप्रमाणे लाकूड फुगतं, आटतं. टेफ्लॉन त्याच्याबरोबर हलत नाही. बुशिंगं सैल पडून टकटक वाजू लागली आणि सुमारे वीस वर्षांनी ते कापडाकडेच परतले. लोकर दबते, पुन्हा फुलते. आपल्या दमट हवेत तीच हवी.

आणि हे काम जुलैत काढू नका. फुगलेल्या लाकडाच्या मापाने मोकळी केलेली पट्टी जानेवारीत खुळखुळणारच. चवथ होऊ द्या, दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली की माणूस बोलवा.