भारतात लोकसंख्या आणि स्त्री-पुरुष प्रमाण या दृष्टींनी दोन टोकांवर असलेले जिल्हे कोणते, आणि त्यांवरून त्या भागाविषयी काय समजावे?

आपण लोकसंख्या आणि स्त्री-पुरुष प्रमाण या दोन्हींबद्दल विचारले आहे. पुढील आकडे २०११ च्या जनगणनेतील ६४० जिल्ह्यांचे आहेत. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढची २०२७ साठी जाहीर झाली आहे, त्यामुळे तूर्त हाच आधार आहे.

लोकसंख्येत ठाणे सर्वांत वर होते (१,१०,६०,१४८) आणि अरुणाचल प्रदेशातील दिबांग व्हॅली सर्वांत खाली (८,००४). परंतु या दोन्ही टोकांमागे जिल्ह्याच्या सीमेचा मोठा वाटा आहे. दिबांग व्हॅलीतून २००१ मध्ये रोइंगकडचा, तुलनेने दाट वस्तीचा भाग वेगळा काढला गेला आणि उरलेल्या डोंगराळ प्रदेशात दर चौरस किलोमीटरला एक माणूस एवढीच घनता राहिली. ठाण्यातून २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला. त्याच वेगळ्या सीमा २०११ च्या आकड्यांना लावल्या, तर ठाण्याकडे सुमारे ८०.७ लाख लोक उरतात आणि तो आमच्या पुणे जिल्ह्याच्याही (९४,२९,४०८) खाली जातो. एकही माणूस न हलता देशातला पहिला क्रमांक बदलतो, म्हणून या क्रमवारीला मी फारसे महत्त्व देत नाही.

स्त्री-पुरुष प्रमाण अधिक बोलके आहे. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या पुदुच्चेरीतील माहे येथे ११८४, उत्तराखंडातील अल्मोडा येथे ११३९ आणि आपल्या रत्नागिरीत ११२२ होती. उलट दमणमध्ये ती ५३४ आणि लेहमध्ये ६९० होती. दमणमध्ये कारखान्यांत कामाला आलेले पुरुष आणि लेहमध्ये सैनिक व मजूर मोजले गेले. अल्मोडा आणि रत्नागिरीतून कमावते पुरुष बाहेर पडलेले होते. रत्नागिरीची लोकसंख्या तर २००१ ते २०११ या काळात ४.८२ टक्क्यांनी घटली, आणि त्याच दशकात पुण्याची ३०.३७ टक्क्यांनी वाढली. पुण्याचे प्रमाण ९१५ आहे, आणि पेठांमधील कॉट बेसिसच्या खोल्या किंवा चाकणच्या बाजूला कामगारांनी भरलेल्या भाड्याच्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्याचे एक कारण सांगावे लागणार नाही. कोकणातील तरुण मुंबई-पुण्यास आला की तेथील एक पुरुष कमी होतो आणि इकडे एक वाढतो. त्यामुळे रत्नागिरीच्या ११२२ वरून तेथे मुलींचे स्वागत अधिक होते असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. ० ते ६ वयोगटात तेथेही मुलींची संख्या हजाराच्या आतच आहे.

माझ्या मते खरे लक्ष द्यायला हवे ते याच बालवयाच्या रकान्याकडे. या वयोगटात देशाचे प्रमाण ९१९ असताना हरियाणातील झज्जर ७८२ वर आणि आपले बीड ८०७ वर होते; २००१ मध्ये बीडचे हेच प्रमाण ८९४ होते. बीडच्या बाबतीत ऊसतोडणीसाठी होणारे स्थलांतर पुढे केले जाते, आणि फेब्रुवारीत, म्हणजे ऐन गणनेच्या वेळी, तेथील असंख्य कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात असतात हे खरेच आहे. परंतु कोयता, म्हणजे ऊसतोडणीसाठी ठरवले जाणारे कामाचे एकक, नवरा-बायकोच्या जोडीचा असतो, लहान मुलेही बरोबर जातात, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद इतका मोठा असण्याचे कारण नाही. जो पुरुष रत्नागिरीत मोजला गेला नाही तो मुंबईत किंवा पुण्यात मोजला गेला. बीडच्या या मुली कोणत्याच जिल्ह्याच्या तक्त्यात सापडत नाहीत. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे, म्हणजे ही सगळी बालके तो अस्तित्वात आल्यानंतर जन्मलेली होती, हे लक्षात घेतले की या आकड्याची तीव्रता कळते.

२०२७ चे तक्ते प्रसिद्ध झाले की प्रथम तेव्हाच्या जिल्ह्यांच्या सीमा तपासाव्यात, आणि एकूण स्त्री-पुरुष प्रमाणाशेजारी ० ते ६ वयोगटाचे प्रमाण मांडून दोन्ही एकत्र वाचावीत. मी स्वतः बीड आणि झज्जरपासून सुरुवात करणार आहे.