बाळाचा ताप: आधी बाटली नीट वाच

अगं पहिल्यांदा ताप आला की हातपाय गळतात, पण आधी थर्मामीटर लाव, हात लावून "चटका बसतोय" हे काही माप नाही. पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर द्यायचं, किलोला 15 मिग्रॅ. म्हणजे 10 किलोच्या पिल्लाला 150. आता खरी गोम इथे आहे, साधं सिरप बऱ्याचदा 5 मिलीला 125 मिग्रॅ असतं, डीएस (डबल स्ट्रेंथ, म्हणजे दुप्पट औषध असलेलं) 250 आणि ड्रॉप्स 1 मिलीलाच 100, तर तेच 150 म्हणजे 6 मिली किंवा 3 किंवा दीड, त्यामुळे शेजारणीने सांगितलेलं "एक चमचा" ऐकूच नकोस, सिरिंजने मोज. दोन डोसमध्ये किमान 4 तास, दिवसात 4 डोसच्या वर नाही. टाइम मोबाइलमध्ये लिहून ठेव, नाहीतर तू देतेस आणि आजीपण देते. अ‍ॅस्पिरिन, नीमेसुलाइड अजिबात नाही, आणि पावसाळ्यात डेंगी असेल तर आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ही तापाची दुसरी औषधंपण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

गोधडीत गुंडाळू नकोस (सासूबाईंना मी सांगितलं म्हणून सांग). खेळत असेल, पाणी पीत असेल तर 101 ला झोपेतून उठवून औषध पाजायची गरज नाही. पण मलूल पडलं, 8 तास शू नाही, श्वास जोरात, झटका आला, तर रात्री दोनलापण सरळ हॉस्पिटल. नुसता तापच 3 दिवस उतरला नाही तरी डॉक्टरांना दाखव.