फवारूनही गोचीड परत येते: औषध बदलण्याआधी हे तपासा

शिरपूरकडच्या भाऊंनी विचारलंय: संकरित गायींवर डेल्टामेथ्रीन तीनदा फवारलं, तरी दहा दिवसांत गोचीड परत. औषध बाद झालं का?

झालंही असेल. पण आधी गोचीड कोणती ते बघा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, ७०% अल्कोहोलमध्ये टाका आणि बाटलीत शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवा, कारण शाई विरघळते. भिंगाखाली सोंड आखूड दिसली तर बहुधा बूफिलस, लांब दिसली तर हायलोमा. हातमोजे घालाच, चिरडू तर नकाच. हायलोमामुळे माणसाला क्रिमियन-काँगो हा जीवघेणा ताप होऊ शकतो आणि तो २०११ मध्ये शेजारच्या गुजरातेत सापडला होता.

बूफिलस एकाच जनावरावर सुमारे तीन आठवडे काढते. मग भरलेली मादी खाली पडून दोन-तीन हजार अंडी घालते. लाल लघवीच्या रोगाचा जंतू, बबेसिया, त्या अंड्यांतूनच पिलांत उतरतो. हायलोमा मात्र कात टाकायला भिंतीच्या, गव्हाणीच्या फटीत जाते आणि पुन्हा दुसऱ्या जनावरावर चढते. संकरित गायींना लोळवणारा थायलेरिया हा रोग हीच आणते. म्हणून नुसती गाय फवारली आणि कुडाच्या भिंती, गव्हाणीची खालची बाजू तशीच सोडली, तर परत येणारी गोचीड औषधाला दाद न देणारी असेलच असं नाही. फटी लिंपा, गोठाही फवारा, पंधरा दिवसांनी दोन्ही पुन्हा करा.

मात्राही तपासा. १.२५% डेल्टामेथ्रीन लिटरला २ मिली, मोठ्या जनावराला चार-पाच लिटर द्रावण लागतं. कास, शेपटीखाली, कानाची मागची बाजू हमखास कोरडी राहते. पिकावरचं औषध गायीवर वापरू नका.

एवढं करूनही शंका उरली तर चाचणी घ्या. तीन आठवडे न फवारलेल्या जनावरावरच्या फुगलेल्या वीस माद्या गोळा करा. दहा त्याच द्रावणात दोन मिनिटं बुडवा, दहा साध्या पाण्यात. टिपकागदावर कोरड्या करून भोकं पाडलेल्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, शेजारी ओला कापूस, सावलीत, २८ अंशांच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये जळगाव-धुळ्याच्या उन्हात माद्या औषधाशिवायच मरतात आणि निकाल फसतो. चौदा दिवसांनी दोन्हीकडची अंडी तोला, पण तिथे थांबू नका: औषधातल्या माद्यांची अंडी कधीकधी उबतच नाहीत, म्हणून आणखी तीन-चार आठवडे बघा. दोन्हीकडे सारखीच पिलं निघाली, तर औषध खरंच बाद. शेवटी डबे उकळत्या पाण्यात टाका.

मग पशुवैद्यकांना विचारून अमिट्राझ हे दुसरं गोचीडनाशक वापरा: १२.५%, लिटरला २ मिली, दर वेळी ताजं कालवून. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेला घोडा गोठ्यात असेल तर त्याला ते लावू नका. घोड्याचं आतडं मंदावून जीवघेणा पोटशूळ उठतो.