पेटी नसली तरी संगीताचा तास

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. शाळेत संगीतशिक्षक नाही आणि पेटीही नाही. मुलांना गाणे कसे शिकवावे, आणि त्याचा अभ्यासाला खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : पेटीवाचून काही अडत नाही. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय यांनी मुलांच्या संगीतशिक्षणाचा पाया वाद्यावर न ठेवता गाण्यावर ठेवला आणि 1950 मध्ये केचकेमेत येथे त्या धर्तीची प्राथमिक शाळाही सुरू झाली. आपण आधी लय घ्या : दादरा या तालाच्या सहा मात्रा (ठोके) मोजताना पहिलीला टाळी द्यायची आणि चौथीला हात बाजूला न्यायचा, एवढे मुलांना सहज जमते. मग सा ते प या पाच स्वरांत बसणारी ओवी किंवा भोंडल्याचे गाणे निवडा. बहुतेक शाळांत पट्टी, म्हणजे गाण्याच्या ‘सा’ची उंची, शिक्षकांच्या सोयीने फार खाली धरली जाते आणि मुले गाण्याऐवजी पुटपुटतात, हे मला फार खटकते. म्हणून सा पांढरी चारच्या (पेटीवरील सप्तकातल्या चौथ्या पांढऱ्या स्वराच्या) आसपास धरून पाहा, सूर मोबाईलवरील तानपुऱ्यातून मिळेल.

गणिताचे गुण वाढतील असे मी सांगणार नाही, कारण तसा ठाम पुरावा नाही. मात्र बारीक ध्वनिभेद ओळखण्याची सवय वाचनाला पूरक ठरते, आणि एकत्र गाताना दुसऱ्याचे ऐकावेच लागते. जे मूल सुरात येत नाही, त्याला गप्प बसवू नका. त्याने लावलेला स्वर आपण उचला आणि तिथून त्याला हळूहळू वर्गाच्या सुरापर्यंत आणा.