मसाई माराला निघालेल्या चित्रकर्तीस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. सप्टेंबरात केनियातल्या मसाई मारा या राखीव जंगलात जायचं नक्की झालं हे वाचून फार आनंद झाला. कुठली लेन्स भाड्याने घेऊ, असं विचारलं आहेस. 100-400 मिलिमीटरची झूम, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, पुरेल. सोबत आजूबाजूचं सगळं टिपणारी एक साधी वाइड लेन्स ने, आणि गाडीच्या टपावर कॅमेरा टेकवायला एक रिकामी कापडी पिशवी. तिच्यात भरायला तांदूळ तिथेच मिळतात. लेन्सबद्दल एवढंच.

उरलेलं पत्र लिहितोय ते तू चित्रकार म्हणून चालली आहेस म्हणून. गाडीतल्या बाकीच्यांना भिंतीवर लावण्याजोगा फोटो हवा असेल. तुला तो मिळाला नाही तरी काही अडत नाही. तुला चित्राचं सामान गोळा करायचंय, आणि ते बहुतेक वेळा फोटोवाले पुसून टाकतात त्या फ्रेममध्ये असतं: पाठमोरा प्राणी, अर्धा झाडाआड गेलेला, मान खाली घातलेला, नुसते पाय, नुसती सावली. सिंहाचा चेहरा तुला हजार ठिकाणी बघायला मिळेल. त्याच्या पंजाखाली गवत कसं दबतं ते कोणी टिपत नाही, आणि तेच माहीत नसलं की चित्रातला सिंह जमिनीवर उभा न राहता तरंगतो.

उजेडाचं गणित आधी समजून घे. मारा विषुववृत्ताच्या जेमतेम दीड अंश दक्षिणेला आहे. सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपास उगवतो आणि जवळजवळ सरळ वर चढतो. आपल्याकडे डिसेंबरात बराच वेळ रेंगाळणारं तिरपं ऊन तिथे नाही. तास-दीड तासात सोनेरी उजेड संपतो, कॅमेरे पिशवीत जातात, गाड्या नाश्त्याला वळतात. तू तुझा कॅमेरा बाहेरच ठेव. दुपारच्या उन्हात झेब्रा उभा असेल तर त्याच्या पोटाकडे बघ. खालच्या वाळल्या गवताचा उजेड उसळून पोटाचा पांढरा भाग गेरूकडे झुकलेला दिसेल, आणि पाठीवरच्या पांढऱ्यात आकाशाची निळसर झाक असेल. एकाच जनावराच्या अंगावर दोन पांढरे! कॅमेरा यातलं थोडंच पकडतो. सावल्या तर तो काळ्या करून टाकतो. म्हणून रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने काहीही न बदललेला कच्चा फोटो, घेच, पण त्याच क्षणी वहीत रंगाचे दोन डाग टाक आणि शेजारी शब्दांत लिही. हॉटेलवर गेल्यावर लिहीन म्हणशील तर ते रंग आठवणीतून नव्हे, फोटोतून उतरतील.

लांब लेन्सची आणखी एक खोड आहे. ती अंतर दाबून टाकते. मागेपुढे बऱ्याच अंतरावर असलेले दोन हत्ती खांद्याला खांदा लावून उभे असल्यासारखे दिसतात. असा फोटो जसाच्या तसा रंगवला की बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी चित्र कॅमेऱ्याचं आहे हे कळतं. म्हणून प्रत्येक प्राण्याच्या जवळच्या फोटोनंतर त्याच जागेवरून एक वाइड फोटो घे, ज्यात क्षितिज, जमिनीचा उतार आणि झाडं येतील.

झाडांवरून आठवलं. माराच्या माळावर एकटी उभी असलेली बरीच झाडं बाभळीच्या जातीची नसतात, जरी सगळे तशीच रंगवतात. ती बॅलनाइट्सची असतात, आपल्या हिंगणबेटाची सख्खी. जिराफ आणि हत्ती खालून पाला ओरबाडतात, त्यामुळे पुष्कळ झाडांचा घेर खालच्या बाजूला कातरल्यासारखा सपाट दिसतो. हे बघून काढशील तर तुझ्या चित्रातला माळ खरोखरच माराचा वाटेल.

आता हत्ती. तुझा हात लहानपणापासून आपला हत्ती काढत आलाय, गणपतीपासून सर्कशीपर्यंत. आपल्या हत्तीची पाठ कमानीसारखी वर येते. आफ्रिकन हत्तीची मध्ये खोलगट होते. आपल्याच्या डोक्यावर दोन उंचवटे असतात, त्याचं कपाळ सलग उतरतं. कान खांदा झाकतील एवढे. सोंडेच्या टोकाला आपल्याच्या एक बोट, त्याच्या दोन. तिथल्या हत्तिणींनाही बाहेर दिसणारे सुळे असतात. हे सगळं तुला पाठ असेल, पण हाताची सवय पाठांतराला जुमानत नाही. त्यामुळे एक पूर्ण सकाळ हत्तींना दे. हत्ती गवत खातो तेव्हा पुढच्या पायाच्या नखांनी झुबका सैल करतो, सोंडेने गुंडाळून उपटतो, गुडघ्यावर आपटून मुळांची माती झाडतो आणि मग तोंडात घालतो. या प्रत्येक टप्प्याला खांद्याचा आकार वेगळा होतो. तो खांदा काढ.

जहांगीर बादशहाकडे 1621 साली एक झेब्रा आला. त्याने लिहून ठेवलंय की काहींना हे पट्टे रंगवलेले असावेत असं वाटलं आणि नीट तपासल्यावर ते खरे निघाले. त्याच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने त्या झेब्र्याचं चित्र काढलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. मन्सूरने अनोळखी जनावरावर ओळखीचा घोडा लादला नाही. पट्टे पायापर्यंत कसे उतरतात, तोंडाकडे कसे अरुंद होतात, ते निरखून काढलं. निघण्याआधी ते चित्र मोठं करून बघ.

पहिल्याच दिवशी गाइडला स्पष्ट सांग की तुला यादी पुरी करायची नाही, एका प्राण्यापाशी थांबायचंय. तिथले गाइड परीक्षा देऊन कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा श्रेणी मिळवतात. मनापासून विचारलंस तर ते वारुळावर पहारा देत उभ्या असलेल्या 'टोपी' नावाच्या हरणापाशी तासभर गाडी लावतील. पण गाडीतले बाकीचे कंटाळतील, हे धरून चाल. परवडलं तर दोघी-तिघी चित्रकार मिळून गाडी करा. यावर खर्च झाला तर होऊ दे, हॉटेल साधं घे.

नदी ओलांडणाऱ्या वाइल्डबीस्टच्या (गाईसारख्या मोठ्या रानटी हरणांच्या) कळपासाठी दिवसच्या दिवस काठावर बसू नकोस. सप्टेंबरात तिथे गाड्यांची रीघ लागते, धूळ उडते, दिसतं कमी. एकदा बघ आणि पुढे जा.

चित्त्याच्या बाबतीत मात्र माझं ऐकच. 2018 साली माराच्या चित्त्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ जिथे जास्त, तिथल्या माद्यांना कमी पिल्लं मोठी करता येतात, असं त्यात दिसलं. राखीव क्षेत्रात रस्ता सोडून गाडी घालायला बंदी आहे, आणि एका जनावराभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असा नियम आहे. तो पाळला जातोच असं नाही. पिल्लंवाली मादी दिसली आणि गाड्या जमू लागल्या की तूच गाइडला म्हण, निघू या. फोटो अर्धवट राहिला तरी निघ. गाइडवर बक्षिशीचा दबाव असतो, त्याला तुझ्या तोंडून हे ऐकायला हवं असतं. मसाई माणसांचे फोटोही विचारल्याशिवाय काढू नकोस, आणि चित्रात वापरणार असशील तर तेही सांगून विचार.

मारा दीड हजार मीटरहून उंचावर आहे, पहाटे गारठा असतो, स्वेटर ठेव. ब्रश आणि रंग कापडात गुंडाळ. केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना 2017 पासून बंदी आहे. प्रवेशाची परवानगी ऑनलाइन काढावी लागते. आणि यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायला हवी, नाहीतर परतल्यावर विमानतळावरूनच वेगळं ठेवतात. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि नंबर लावावा लागतो, तेव्हा याच आठवड्यात चौकशी कर.

तुझे,
सर