बोअरच्या जड पाण्यात ड्वार्फ सिक्लिड (मत्स्यटाकीत पाळायचे छोट्या आकाराचे सिक्लिड मासे) पाळून त्यांची पिल्लं मिळवता येतील का?

हो, जात पाण्याला साजेशी निवडलीत तर नक्की. सगळ्यात सोपा 'मल्टी', म्हणजे निओलॅम्प्रोलॉगस मल्टिफॅसिएटस. तो मूळचा आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला, आणि तिथलं पाणीच क्षारांचं, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) ८.५ ते ९. जेमतेम ४ सेंमीचा हा मासा रिकाम्या शंखात अंडी घालतो. म्हणून तळाला बारीक वाळूचा ५ सेंमी थर द्या आणि माशांच्या दुपटीहून जास्त शंख ठेवा (भातखाचरातल्या गोगलगायींचे, उकळून स्वच्छ केलेले चालतात). पिल्लं वेगळी काढू नका, वसाहतीतच छान वाढतात. रॅम आणि बहुतेक अपिस्टोग्रामा हे दुसरे ड्वार्फ सिक्लिड मात्र मृदू, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्याचे. जड पाण्यात ते जगले तरी अंडी बहुधा उबत नाहीत. पैदाशीसाठी आरओचं पाणी मिसळावंच लागतं.