'ओ सोवाज'चा वास दहा मिनिटांत उडतो, मग त्याचं एवढं कौतुक का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कौतुक वाचून डिओरचं 'ओ सोवाज' हे परफ्यूम घेतलंत. लावल्यावर दहा मिनिटं लिंबाचा झणझणीत वास येतो, मग काहीच उरत नाही. त्यात कुणीतरी म्हणालं, हा म्हाताऱ्या माणसांचा वास आहे. आता बाटली नकली निघाली की निवड चुकली, हे तुम्हाला कळेनासं झालंय.

आधी एक खात्री करून घ्या. डिओरचं नुसतं 'सोवाज' हे 2015 साली आलेलं वेगळंच परफ्यूम आहे. 'दिवसभर टिकतं, खोलीभर पसरतं' अशी वर्णनं बहुतेक वेळा त्याची असतात. 'ओ सोवाज' 1966 सालचं, एदमों रुदनित्स्का या फ्रेंच गंधकाराचं. नावं सारखी असली तरी घडण पूर्ण वेगळी आहे. एकाचं वर्णन वाचून दुसरं घेतलं, तर अपेक्षाभंग ठरलेलाच.

आता टिकण्याचं. लिंबूवर्गीय वास पटकन उडतो, कारण त्याचा मुख्य घटक लिमोनीन फार हलका आहे. त्याचा रेणूभार 136. नव्या 'सोवाज'ला दिवसभर धरून ठेवणाऱ्या ॲम्ब्रोक्सन या रसायनाचा 236. लिंबू सालीसकट ताजं वाटायला हवं असेल, तर ते लवकर जाणारच. ती उणीव नाही, त्या वासाचा स्वभावच तसा आहे. 1709 साली जर्मनीतल्या कोलोन शहरात फरिना घराण्यानं आपला व्यवसाय सुरू केला, तेव्हापासून या जातीची सुगंधी पाणी, म्हणजे कोलोन, अशीच आहेत: वर लिंबूवर्गीय फळांची साल, मध्ये रोझमेरी, लॅव्हेंडर अशा वनस्पती, आणि खाली जवळजवळ काही नाही. लोक ती दिवसातून अनेकदा, सढळ हातानं अंगावर घेत.

रुदनित्स्काचं मोठेपण इथेच आहे. त्यानं खालचा तो रिकामा भाग भरला, आणि तरी वरचा ताजेपणा झाकोळू दिला नाही. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बर्गमोट हे इटलीतल्या कॅलाब्रियात होणारं आंबट-कडू फळ. त्याच्या सालीच्या तेलात लिमोनीनबरोबर लिनालिल ॲसिटेट भरपूर असतं, आणि लॅव्हेंडरच्या तेलातही तेच मुख्य घटकांपैकी एक. म्हणून लिंबू कुठे संपलं आणि वनस्पती कुठे सुरू झाल्या, तो सांधा नाकाला कळत नाही. त्याखाली आहे हेडिओन. जाईच्या वासाचा अभ्यास करताना हाती लागलेलं हे रसायन पुरुषांच्या परफ्यूममध्ये इतक्या ठळकपणे पहिल्यांदा इथेच आलं. बाटलीत एकटं हुंगलं तर अगदी मवाळ वाटतं. पण मिश्रणात आलं की बाकीच्या वासांमध्ये हवा खेळायला लागते, सगळं मोकळं आणि ओलसर वाटतं. तळाशी वाळा आणि ओकमॉस. ओकमॉस म्हणजे ओकच्या झाडावर वाढणारं, दगडफुलाच्या जातीचं. त्याला ओल्या मातीचा, किंचित शाईसारखा वास असतो.

म्हणजे दहा मिनिटांनी वास गेला असं तुम्हाला वाटतं, तेव्हा खरं तर तो बदललेला असतो. पहिला ठसका ओसरला की नाक 'संपलं' असं समजतं, आणि हेडिओन इतकं मऊ आहे की सतत जवळ असलं तर त्याची लगेच सवय होते. एक करून बघा: कोपराच्या आतल्या बाजूला दोन फवारे मारा आणि विसरून जा. चाळीस मिनिटांनी बाहेर मोकळ्या हवेत फिरून या, मग हात नाकापाशी न्या. कडसर साल, चुरगळलेली पानं, त्यांच्या मागे फुलासारखं काहीतरी, आणि त्याखाली कोरडी माती असं सगळं एकाच वेळी आलं पाहिजे. आलं, तर परफ्यूम व्यवस्थित आहे. माझ्या मते 'ओ सोवाज' जोखायची वेळ हीच, पहिली पाच मिनिटं नव्हेत. दुकानातल्या कागदी पट्टीवर झटपट निर्णय घेणारे लोक नेमका हाच भाग चुकवतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

शक्य असेल तर दुसऱ्या हातावर '4711' लावा. जुन्या पद्धतीचं साधं कोलोन कसं असतं ते त्यातून कळतं. तासाभरानं दोन्ही हात हुंगले की रुदनित्स्कानं काय भर घातली ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

लावण्याच्या बाबतीत मात्र हात सैल सोडा. दोन फवाऱ्यांनी हा वास दिवसभर पुरेल ही अपेक्षाच नको. आंघोळीनंतर, शक्यतो बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून, छातीवर, मानेमागे आणि दंडांवर मिळून पाच-सहा फवारे घ्या. कोरड्या कातडीवरून तो लवकर जातो. मनगटं एकमेकांवर चोळू नका. घर्षणाच्या उबेनं वरचा हलका थर आणखी भरकन उडतो. शर्टाच्या आतल्या बाजूला एखादा फवारा मारलात तर संध्याकाळपर्यंत पुसटसा राहतो, फक्त पांढऱ्या किंवा रेशमी कापडावर डाग पडू शकतो हे लक्षात असू द्या. आणि छोट्या बाटलीत काढून जवळ ठेवा. दुपारी पुन्हा लावणं ही या वासाची गैरसोय नाही. तो पहिला ठसका दिवसातून दोनदा मिळतो, मला तर यातच खरी मजा वाटते.

बाटली नकली आहे का, हे इथून छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण चाळीस मिनिटांनी काहीच उरलं नाही, किंवा नुसता गोड साबणासारखा वास राहिला, तर शंका घ्यायला जागा आहे. सुरुवातीलाच टर्पेंटाइनसारखा उग्र दर्प आला, तर बाटली उन्हात किंवा उष्णतेत राहून लिमोनीन बिघडलेलं असू शकतं. न्हाणीघरात किंवा खिडकीपाशी ती ठेवूच नका. अगदी जुन्या बाटलीचा अनुभव कुणी सांगत असेल, तर आजची थोडी वेगळी लागेल हेही खरं. ओकमॉसमधल्या ॲलर्जी करणाऱ्या घटकांवर नंतर निर्बंध आले, त्यामुळे तळ पूर्वीपेक्षा हलका झाला आहे.

'म्हाताऱ्यांचा वास' या शेऱ्याकडे मी फार लक्ष देणार नाही. लिंबू, लॅव्हेंडर आणि मॉस ही सांगड पुढे कितीतरी आफ्टरशेव्हमध्ये वापरली गेली, म्हणून ती वडीलधाऱ्यांची आठवण करून देते. वासात वय नसतं. याच रुदनित्स्कानं 1972 साली बायकांसाठी 'डिओरेला' केलं, तेही याच्या बरंच जवळ जातं, आणि 'ओ सोवाज' तर स्त्रियाही आवडीनं लावत आल्या आहेत.

आठवडाभर असं लावून बघा. तरी मन रमलं नाही आणि तुम्हाला खरोखर दिवसभर टिकणारंच काहीतरी हवं असेल, तर लिंबूवर्गीय कोलोनचा नाद सोडा आणि वाळ्यावर आधारलेलं एखादं परफ्यूम बघा. गेर्लां या फ्रेंच कंपनीच्या 'वेतिव्हेर'पासून सुरुवात करा: त्यातही वर लिंबूवर्गीय ताजेपणा आहे, पण खालचा वाळा त्याला बराच वेळ धरून ठेवतो.